एक नंबर काम

त्या गोष्टीला आज बारा दिवस झाले. डोळ्याला भिंग लावून, एका जुन्या मनगटी घड्याळाची हेअरस्प्रिंग चिमट्याच्या टोकावर धरून मी श्वास रोखून बसलो होतो आणि नेमका त्याच क्षणी फोन वाजला. केसाहून बारीक असलेली ती स्प्रिंग मी अलगद खाली ठेवली असे लिहायला मला आवडले असते, परंतु ती सुटली, आणि पुढचा अर्धा तास मी टेबलाखाली गुडघ्यांवर होतो. उठून पाहिले, तर ऑनलाइन नकाशावरील माझ्या दुकानाच्या पानावर नवा अभिप्राय येऊन पडला होता : "एक नंबर काम. घड्याळ सेकंदाला सेकंद मिळवून चालते. माणूस प्रामाणिक." मजकूर वाचून मी गुडघे विसरलो. मग नजर मजकुराच्या वर गेली. पाच ताऱ्यांपैकी तिथे एकच पिवळा होता. उरलेले चार मला भरदुपारी डोळ्यांपुढे दिसले.

तोपर्यंत माझ्या नावावर एकूण चार अभिप्राय जमा होते आणि चारही पाच ताऱ्यांचे होते. (त्यांतील एक माझ्या मेव्हण्याचा. नातेवाइकांचा अभिप्राय नियमात बसत नाही हे मला नंतर कळले. मेव्हण्याला मी ते अजून कळवलेले नाही.) चार पंचे वीस, अधिक एक, भागिले पाच : माझी सरासरी एका दुपारीत ५.० वरून ४.२ वर आली. रात्री कागद घेऊन पुढचाही हिशेब मांडला. सरासरी ४.८ वर न्यायची तर पाच ताऱ्यांचे आणखी पंधरा अभिप्राय हवेत, ४.९ साठी पस्तीस हवेत, आणि निखळ पाच तर आता गणिताच्याच नियमाने या जन्मी नाहीत. पहिले चार जमायला मला दोन वर्षे लागली होती. म्हणजे ४.८ गाठायला साडेसात वर्षे, आणि तीही मधल्या काळात दुसरा कोणी माझ्या कामावर इतकाच प्रसन्न झाला नाही तर.

ज्यांना दुकान नाही ते हे हसण्यावारी नेतील. परंतु आसपासचे दुकान शोधणाऱ्याला कोणाचे नाव वर दाखवायचे, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : त्याला हवे आहे ते तुम्ही करता का, तुम्ही त्याच्यापासून किती दूर आहात आणि तुमचा बोलबाला किती आहे. पहिलीसाठी मी योग्य तो व्यवसायप्रकार निवडला, कामाच्या वेळा भरल्या, छायाचित्रे टाकली. दुसरीचे मी काही करू शकत नाही, कारण दुकान उचलून गिऱ्हाइकामागे धावता येत नाही. उरला बोलबाला, आणि त्यात अभिप्रायांची संख्या आणि तारे धरले जातात. माझ्या शेजारी ज्याला घड्याळाचे मागचे झाकण उघडून सेल बदलण्यापलीकडे काही येत नाही, त्याचे ४.९ आहेत. हे वाक्य मी मत्सराने लिहिलेले नाही असे मी म्हणणार होतो, पण ते मत्सरानेच लिहिलेले आहे.

अभिप्रायांचा हा सोस मला हौसेने लागलेला नाही. आधी मी जाहिरात देऊन पाहिली होती. शोधणाऱ्याने तुमच्या जाहिरातीवर बोट टेकवले की तुमच्या खात्यातून पैसे वजा होतात, ही पद्धत मला फार न्याय्य वाटली होती. मी "घड्याळ दुरुस्ती" हे शब्द दिले आणि सोबतची व्यवस्था जशी होती तशीच राहू दिली. ती अशी होती की या शब्दांशी दुरूनही नाते सांगणारा कोणताही शोध माझ्या दाराशी येईल. त्यामुळे "घड्याळ घरच्या घरी कसे दुरुस्त करावे" असे विचारणारे आले, "मनगटी घड्याळ फुकट" शोधणारे आले, आणि शरीराचे घड्याळ बिघडल्याने रात्री झोप न येणारेही आले. प्रत्येकाने बोट टेकवले आणि प्रत्येकाचे पैसे मी भरले. नको असलेले शब्द वगळण्याची वेगळी यादी आपणच करायची असते. माझ्या भागात राहणारे लोक, आणि माझ्या भागात केवळ रस असलेले पण राहत भलतीकडेच असलेले लोक, यांतील भेदही आपणच खूण करून सांगायचा असतो. न सांगितल्यास दोघांनाही जाहिरात दिसते. हे सगळे मला समजले तेव्हा महिन्याची रक्कम संपलेली होती. जालावरची पहिली फलक-जाहिरात १९९४ च्या ऑक्टोबरात झळकली तेव्हा पाहणाऱ्या शंभरांतील ४४ जणांनी ती दाबली होती असे सांगतात. त्या निरागस ४४ जणांचे वारस कुठे गेले हे मी सांगू शकतो. ते माझ्या खर्चाने फुकट घड्याळ शोधत होते.

नंतर व्हॉट्सॲपवर प्रसारण यादी केली. एका यादीत २५६ जण बसतात, माझ्याकडे जेमतेम साठ होते. "आपल्या घड्याळाचे तेलपाणी करून घेण्याची वेळ झाली आहे" असा संदेश मी चार वेळा खोडून पाचव्यांदा पाठवला आणि दिवसभर वाट पाहिली. असा संदेश फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनात जपून ठेवला आहे. तो एकट्या मेव्हण्याने ठेवला होता.

सल्ला देणाऱ्यांना मात्र तोटा नाही. रोज काहीतरी टाका, चेहरा दाखवा, आपली कथा सांगा. बंद पडलेल्या घड्याळाची कथा काय सांगणार? ते चालत होते, मग थांबले. आठ तास कणा वाकवून काम केल्यावर नवव्या तासाला मी छायाचित्रकार व्हायचे, दहाव्याला लेखक, आणि अकराव्याला आपल्याच चित्रफितीखाली आलेल्या एकुलत्या अंगठ्याचे आभार मानायचे, अशी अपेक्षा आहे. चांगले काम केले की माणसे आपोआप एकमेकांना सांगतात, यावर माझा विश्वास होता. माणसे अजूनही सांगतात. फक्त ती आता ताऱ्यांत सांगतात, आणि ताऱ्यांची लिपी प्रत्येकाची वेगळी आहे.

तर तो तारा. तक्रार नोंदवायला गेलो तेव्हा कारणांची यादी पुढे आली : जाहिरातबाजी आहे का, शिवीगाळ आहे का, विषय सोडून आहे का. "गिऱ्हाइकाने प्रेमाने कमी तारे दिले" असे कारण त्यात नव्हते. जवळचे वाटले ते निवडले आणि काही दिवसांनी उत्तर आले की या अभिप्रायाने कोणताही नियम मोडलेला नाही. ते खरेही होते. मालकाला अभिप्राय पुसता येत नाही, त्याखाली उत्तर तेवढे लिहिता येते. बदल करायचा तर लिहिणाऱ्यानेच करायचा. लिहिणारे एक निवृत्त मुख्याध्यापक होते आणि दुसरे घड्याळ घेऊन ते शुक्रवारी येणार होते.

शुक्रवारी सर आले, खुर्चीत बसले आणि चष्मा पुसू लागले.

"सर, आपण मला एक तारा दिलात," मी म्हणालो.

"दिला," असे म्हणून ते आभारांची वाट पाहत थांबले.

"पाच द्यायचे असतात."

"पाचवा नंबर? तुम्हाला?" सरांचा चष्मा पुसणारा हात थांबला. "अहो, काय बोलता! मग तुमच्या पुढचे ते चार कोण? नावे सांगा मला."

मी सांगितले की पुढे कोणीही नाही, तारे म्हणजे क्रमांक नव्हेत. सरांना ते पटेना. पस्तीस वर्षे निकालपत्रके स्वतः तपासलेला माणूस. त्यांच्या जगात एक म्हणजे वर्गात पहिला आणि पाच म्हणजे बरा, पण चढाओढीत मागे पडलेला. मलाही मग तितक्या जोरात बोलवेना, कारण त्यांचे अगदीच चुकत नव्हते. जर्मनीतील शाळांत १ हा सर्वांत चांगला शेरा आहे आणि ६ सर्वांत वाईट. शिवाय ज्या मिशेलिन मार्गदर्शिकेच्या ताऱ्यांसाठी भलेभले आचारी झुरतात, तिथे १९२६ साली तारा सुरू झाला तेव्हा तो एकच होता आणि एक मिळणे हाच सन्मान होता. दोन आणि तीन १९३१ मध्ये आले. ती मार्गदर्शिका तरी काय होती? १९०० साली फ्रान्समध्ये मोटारी तीन हजारसुद्धा नव्हत्या, तेव्हा दोन टायरवाल्या भावांनी लोकांनी गाड्या पळवाव्यात आणि टायर झिजवावेत म्हणून फुकट वाटलेले पुस्तक. धंदा वाढवण्याची याहून देखणी युक्ती मला माहीत नाही, आणि त्यांना त्यासाठी आपला चेहराही दाखवावा लागला नाही.

हे मी सरांना सांगितले नाही. सांगितले असते तर ते त्यांच्याच बाजूचे पुरावे झाले असते. मी एवढेच म्हणालो, "सर, हे गुण समजा. पाचपैकी पाच."

इथे माझी चूक झाली.

"गुण?" सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तसे आधी सांगायचे. पैकीच्या पैकी मी उभ्या नोकरीत कोणाला दिलेले नाहीत. गुण द्यायचे तर नीट तपासावे लागेल." त्यांनी मनगट उलटसुलट करून पाहिले. "काम चोख आहे. पट्ट्याची शिवण एका बाजूला किंचित तिरकी आहे. आणि बुधवारी देतो म्हणून तुम्ही गुरुवारी दिलेत. साडेतीन."

"अर्धा तारा देता येत नाही, सर."

"मग तीन. वाढीव गुण देण्याच्या मी विरुद्ध आहे."

पाच मिनिटांपूर्वी ज्यांच्या लेखी मी पहिल्या क्रमांकाचा कारागीर होतो, ते मला आता पाचात तीनांवर उतरवत होते, आणि मी मनातल्या मनात वीस अधिक तीन भागिले पाच, ४.६, असा हिशेब करून आनंदित झालो होतो. मी त्यांना त्यांचाच अभिप्राय उघडून दिला आणि बदल कुठे करायचा ते दाखवले. सरांचे बोट तिसऱ्या ताऱ्यावर जाऊन अधांतरी थांबले.

"म्हणजे एक तारा याचा अर्थ पाचपैकी एक गुण?"

"हो."

"म्हणजे नापास?"

"तसेच म्हणायचे."

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी बोटाने आपले जुने अभिप्राय खाली सरकवायला सुरुवात केली. दाताच्या डॉक्टरांना एक तारा, "हात हलका, एक नंबर". वाचनालयाला एक. ज्या शाळेतून ते निवृत्त झाले त्या शाळेला एक, "आदर्श संस्था". आणि सगळ्यांत खाली, फर्निचरच्या एका नव्या दुकानाला एक तारा, "एक नंबर माल, मालक सुस्वभावी, अवश्य भेट द्या."

"हे जावई आमचे," सर हळू आवाजात म्हणाले. "दिवाणखान्याचा सोफा त्यांच्याचकडचा. सहा महिने झाले, माझा फोन घेत नाहीत. मी मुलीला विचारले, ती म्हणाली, तुमचे तुम्हाला माहीत."

ते ताडकन उठले. दुसरे घड्याळ माझ्या टेबलावर तसेच राहिले, छत्री खुर्चीला टांगलेली राहिली, आणि फोन छातीशी धरून सर पायऱ्या उतरून निघून गेले.

काल सहज पाहिले. जावयांच्या दुकानाला पाच तारे झाले आहेत, पैकीच्या पैकी. माझा अजून एकच आहे.