कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन द्यायला यांच्या बापाचं काय जातं?

माझ्या काकांना तोंडाचा कॅन्सर आहे. जबड्याच्या हाडापर्यंत गेलाय. आता ऑपरेशन नाही, केमो नाही, दुखणं आटोक्यात ठेवायचं एवढंच, असं डॉक्टरांनी सांगितलं. मनावर दगड ठेवून आम्ही तेही पचवलं. पण ते दुखणं आटोक्यात ठेवणारी मॉर्फिनची गोळी आमच्या जिल्ह्याच्या गावात एकाही मेडिकलमध्ये मिळत नाही! चिठ्ठी बघितली की दुकानदार हातही लावत नाही. "नार्कोटिक आहे, आम्ही ठेवतच नाही." एकाने तर मला असं न्याहाळलं की मी गर्द मागायला आलोय.

म्हणून दर वेळी मुंबई. कोणीतरी रजा टाकायची, रात्रीची एसटी धरायची, केस पेपर आणि आधारच्या झेरॉक्स घेऊन रांगेत उभं राहायचं. मोजून गोळ्या मिळतात, त्या संपायच्या आत पुन्हा तेच. एखाद्या वेळी उशीर झाला की काका रात्रभर विव्हळतात. ज्या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, तो "मला मारून टाका" म्हणतो. काकूने हे का ऐकायचं?

आणि औषध काही परदेशातलं नाही. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातले शेतकरी केंद्र सरकारच्या परवान्यावर अफू पिकवतात. सरकारच ती विकत घेतं. त्या अफूपासून मॉर्फिन काढणारे सरकारचेच कारखाने नीमच आणि गाझीपूरला आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मॉर्फिन आहे. गोळी महाग नाही. मग ती आमच्यापर्यंत का पोचत नाही?

कारण 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा. त्यातही वैद्यकीय वापराला बंदी नव्हतीच, कलम 8 मध्ये तशी सूट स्पष्ट आहे. पण शिक्षा इतक्या जबर, दहा-दहा वर्षांच्या, आणि राज्याराज्यांचे परवाने इतके किचकट की हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. एक परवाना हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. देशातला मॉर्फिनचा वापर कोसळत कोसळत 1997 मध्ये 18 किलोच्या आसपास आला. अख्ख्या देशात! त्या वर्षांत किती माणसं तडफडत गेली असतील, याचा जाब कोणी कोणाला विचारला?

केरळात वेदनाशमनाचं काम करणाऱ्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 2014 मध्ये कायदा बदलला. मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली, देशभर एकच नियम आला, परवान्यांचा गुंता गेला. रुग्णालयाने मान्यताप्राप्त संस्था म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकाची मंजुरी घेतली की पुरे. पण कायदा बदलून इतकी वर्षं झाली तरी आमच्याकडे डॉक्टरला विचारावं तर तो म्हणतो, "नको ती भानगड, उद्या पोलीस दारात येतील." दिल्लीत दुरुस्ती करून मोकळे झाले, पण ती या डॉक्टरला, त्या मेडिकलवाल्याला समजावून सांगायची कोणी?

माझं डोकं सर्वात जास्त कशाने फिरतं सांगू? काकांना हा आजार गुटख्याने झाला. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे, आणि आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर तो आजही मिळतो. रात्री अकरालाही मिळतो. बंदी असलेलं विष दारात, आणि कायद्याने मंजूर असलेलं औषध रात्रभराच्या प्रवासावर! नियंत्रण कशावर ठेवताय तुम्ही? टपरीवाल्याला कोणाची भीती नाही, आणि डिग्री घेतलेला डॉक्टर मात्र चिठ्ठी लिहायला घाबरतो.

गैरवापर होईल म्हणे. होऊ नये म्हणून नोंदवही ठेवा, कुलूपबंद कपाट ठेवा, दर गोळीचा हिशेब घ्या, आमची ना नाही. पण जबडा सडत चाललेल्या म्हाताऱ्या माणसाला व्यसन लागेल म्हणून घाबरणाऱ्यांनी एक रात्र त्याच्या उशाशी बसून बघावं.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर, एक कपाट, एक वही आणि ती मंजुरी, एवढंच लागतं. कुठल्या जिल्ह्यात गोळी मिळते, कुठे नाही, याची यादी सरकारने दर महिन्याला जाहीर करावी. आणि जिथे मिळत नाही तिथल्या अधिकाऱ्याला नावानिशी विचारावं, का नाही?