टोकन स्क्रीनच्या कामाविषयी आपण लिहिलेल्या अभिप्रायास उत्तर

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आमच्या कामाला दोन तारे देताना आपण लिहिले आहे की, क्लिनिकमधील टोकन स्क्रीन सलग दोन दिवस सकाळी अडकली आणि ‘ब्राउझरमध्ये तयार असलेल्या दहा ओळींच्या कामाचे’ आम्ही तीन दिवसांचे बिल लावले. पहिली तक्रार खरी आहे आणि तिच्याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. सर्व्हरपुढे बसवलेल्या एनजिनएक्स या मध्यस्थ प्रोग्रामचे बफरिंग (मजकूर साठवून मग पुढे पाठवणे) बंद करायचे आमच्याकडून राहून गेले, त्यामुळे टोकन एकेक करून न दिसता साचून एकदम येत होते आणि पेशंट काउंटरवर येऊन आपला नंबर विचारत होते.

दुसरी तक्रार मात्र मनाला लागली. आमचे कार्यालय दोनच माणसांचे आहे आणि नवे काम येते ते असे अभिप्राय वाचूनच, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्व्हरने नवा क्रमांक आपणहून स्क्रीनकडे पाठवावा, यासाठी ब्राउझरमध्ये सर्व्हर-सेंट इव्हेंट्सची सोय आहे आणि जावास्क्रिप्टमध्ये ‘इव्हेंटसोर्स’ वापरून ती दहा ओळींत सुरू होते, हे आपल्या भाच्याचे म्हणणे बरोबरच आहे. पण आपली स्क्रीन एल्म या वेगळ्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली आहे. ती भाषा आम्ही निवडली नव्हती; ज्यांनी काम अर्धवट सोडले त्यांनी ती निवडली होती, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून लिहायचे नाही ही अट आपलीच होती. एल्मच्या मूळ पॅकेजांत (तयार कोडच्या संचांत) इव्हेंटसोर्स नाही, आणि २०१८ च्या ०.१९ आवृत्तीपासून बाहेरच्या कोणाला आपल्या पॅकेजमध्ये जावास्क्रिप्ट घालता येत नाही. मग उरतो तो पोर्टचा, म्हणजे एल्म आणि जावास्क्रिप्ट यांच्यातील ठरावीक दाराचा मार्ग: जोडणी बाहेर जावास्क्रिप्टमध्ये उघडायची, आलेला मजकूर पोर्टमधून आत द्यायचा आणि आत डीकोडरने, म्हणजे मजकुराचा साचा पाहणाऱ्या कोडने, तो तपासूनच स्वीकारायचा. यात पहिला दिवस गेला.

दुसरा दिवस जोडणी तुटण्यावर गेला. नेटवर्क गेले तर इव्हेंटसोर्स स्वतःच पुन्हा जोडणी करतो. परंतु सर्व्हर रीस्टार्ट होत असताना एनजिनएक्सने ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही) असे उत्तर दिले, की तो प्रयत्न करणेच सोडून देतो. आपला सर्व्हर रोज पहाटे रीस्टार्ट होतो, म्हणजे कोणी पान रिफ्रेश करेपर्यंत स्क्रीन कालच्याच टोकनवर थांबली असती. नवी जोडणी आम्हालाच उघडावी लागते, आणि शेवटचा कोणता इव्हेंट (सर्व्हरचा संदेश) मिळाला होता हे तिला ठाऊक नसल्यामुळे तो क्रमांक एल्मच्या मॉडेलमध्ये (स्क्रीनची सध्याची स्थिती जिथे साठते तिथे) जपून पत्त्यासोबत पाठवावा लागतो. हे केले नाही तर ४२ नंतर थेट ४५ दिसतो आणि मधले दोन पेशंट बसून राहतात.

तिसऱ्या दिवसाबद्दल स्पष्ट लिहितो, राग नसावा. रिसेप्शनवर आठ डॉक्टरांसाठी एकाच ब्राउझरमध्ये आठ टॅब उघडे ठेवलेले होते. एचटीटीपी १.१ वर (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांची जुनी आवृत्ती) ब्राउझर एका सर्व्हरशी एकावेळी सहाच जोडण्या ठेवतो, आणि ही मर्यादा सर्व टॅब मिळून असते. त्यामुळे सातवा आणि आठवा टॅब नुसताच फिरत राहिला. त्या दिवशी फोनवर आपण ‘तुमची ही भाषाच कच्ची आहे’ असे म्हणालात, पण तो दोष ना एल्मचा होता ना आमचा. एचटीटीपी २ वर ही अडचण येत नाही, मात्र ब्राउझर ते फक्त एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) वापरतात आणि आपल्या अंतर्गत सर्व्हरला त्यासाठी लागणारे सर्टिफिकेट नाही, हे आम्ही कोटेशनमध्येच लिहिले होते. शेवटी आठही रांगा एकाच पानावर आणून एका जोडणीवर बसवल्या.

यापुढे बिलात कामाची फोड अधिक स्पष्ट देण्याकडे लक्ष देऊ, आणि सुपूर्द करण्यापूर्वीच्या चाचणीतही सुधारणा करत आहोत. येत्या शनिवारी ओपीडी संपल्यावर आपल्या भाच्यालाही बोलवावे. पोर्टची फाइल त्यांच्यासमोर उघडून ओळ न् ओळ दाखवू. त्या भेटीचे बिल लावणार नाही.

आपले विश्वासू