भाषेचा अभिमान मला कुणी शिकवायचा?

‘सीमावासी’ या नावाने लिहिणाऱ्या महोदयांस,

कन्नड तमिळमधून जन्मली, हे तमिळ अभिनेते कमल हासन यांचं विधान मला पटलं नाही, तरी पुण्यात मुलाकडे गेलो तेव्हा तिकीट काढून त्यांचा ‘ठग लाइफ’ पाहिला, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर, असा पिक्चर बघूच नये, अशी तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना राग आला, म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय.

आधी माझी चूक. तुलनेसाठी दिलेलं तमिळ नट सत्यराज यांचं कन्नडिगांना लागलेलं वादग्रस्त भाषण मी २०१७ सालचं म्हटलं होतं. ते २००८ सालचं. २०१७ मध्ये त्यांचा ‘बाहुबली २’ लागायच्या वेळी कन्नड संघटनांनी ते उकरून काढलं, आणि सत्यराज यांनी दिलगिरी व्यक्त केल्यावर पिक्चर लागला. लेखात साल दुरुस्त केलं आहे, आभारी आहे.

आता तुमचं पहिलं वाक्य. ‘बेळगावात राहून ज्यांना भाषेचा अभिमान कळला नाही, त्यांनी इतरांना शहाणपण शिकवू नये.’ मतभेद मला चालतात. पण हे मत नव्हे, हा माझ्या घरावर टाकलेला दगड आहे, आणि तोही टोपणनावाआडून.

माझे आप्पा शहरातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्या काळी मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या जळायच्या. जळून झिजल्या की हाताने पुढे सरकवायच्या, नाहीतर पडद्यावर अंधार. आप्पांच्या अंगाला त्या धुराचा वास कायम असायचा, अगदी दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतरही. १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाला मराठी माणसं काळा दिन पाळतात; त्या सकाळी दंडाला काळी फीत बांधून ते फेरीत जायचे. एका वर्षी पोलिसाची काठी पाठीवर घेऊन आले. आईने हळद लावली, जेवले, आणि संध्याकाळी सहाच्या शोला हजर. तोच कर्नाटकाच्या स्थापनेचा, राज्योत्सवाचा दिवस, पिक्चर कन्नडचे लाडके नट डॉ. राजकुमार यांचा, हाऊसफुल्ल.

हे राजकुमार म्हणजे १९८२ च्या गोकाक चळवळीचं नेतृत्व करणारे राजकुमार. शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा व्हावी यासाठी ते राज्यभर फिरले. त्या मागणीचा चटका आमच्यासारख्या मराठी शाळांतल्या पोरांना बसणार होता, म्हणजे मलाही. मी आप्पांना विचारलं होतं, ‘त्या माणसाचा पिक्चर तुम्ही कसा चालवता?’ ते रीळ गुंडाळत होते. म्हणाले, ‘रीळ तुटलं तर शिट्ट्या मला बसतात, राजकुमारला न्हाई.’ त्याच राजकुमारांचं गाणं गुणगुणत घरी येणारा हा माणूस मरेपर्यंत एकाही काळ्या दिनाला घरी बसला नाही. आता सांगा, त्यांना अभिमान कळला नव्हता? की माझ्या आप्पांपेक्षा तुम्हाला तो जास्त कळतो?

कमल हासन यांचं म्हणणं चूक आहे, हे मी तेव्हाही लिहिलं होतं. तमिळ आणि कन्नड एकाच द्राविड कुळातल्या बहिणी आहेत, त्यांच्यात आई-मुलीचं नातं लावायला आधार नाही. आणि चेन्नईच्या कार्यक्रमात हे ते बोलले कुणासमोर, तर शिवराजकुमार यांच्यासमोर, म्हणजे राजकुमारांच्याच मुलासमोर. कन्नड माणसाला ते लागलं, यात मला नवल वाटत नाही. पण तुम्ही तो परिच्छेद वाचलाच नसावा.

तुमचा दुसरा मुद्दा असा की सत्यराज मानधन घेणारे नट, तर कमल हासन स्वतः निर्माते, म्हणून तिकिटाचा पैसा थेट त्यांच्याकडे जातो आणि दोघांची तुलना होत नाही. असेल. पण त्याच पैशात मणिरत्नम, रहमान, लाइट उचलणारी पोरं आणि टॉकीजचा डोअरकीपर हेही आहेत. या हिशेबात मी फार पडत नाही.

‘मी बंदी नाही मागत, फक्त बघू नका म्हणतो,’ हेही तुम्ही लिहिलंत. आवाहनाची बंदी व्हायला किती वेळ लागतो, ते आमच्या घराने पाहिलंय. भाषेवरून गावात तापलं की आधी पोस्टर फाटायचं, मग मालक शो कॅन्सल करायचा. बंद शोचा पगार आप्पांना मिळत नसे. त्या आठवड्यात आई वाण्याकडे मला पाठवायची, कारण उधारी मागायला तिला लाज वाटायची. २०२५ च्या जूनमध्ये हा पिक्चर ठरल्या दिवशी कर्नाटकात लागला नाही. सेन्सॉरचं प्रमाणपत्र असलेला पिक्चर झुंडीच्या धमकीने रोखता येणार नाही, हे शेवटी सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. तोवर इथल्या टॉकीजवाल्यांचे पहिले दोन आठवडे गेले होते. मराठी पिक्चरवर ही वेळ आली तर तुम्ही आणि मी एकाच बाजूला उभे असू ना? मग आज ‘बघू नका’ म्हटलं, तर तेव्हा कन्नडिगांच्या रागाला आपण कोणत्या तोंडाने नावं ठेवणार?

बाकीच्या तीन मुद्द्यांना उत्तर द्यावं असं त्यात काही नाही.

आप्पांची फीत आईच्या ट्रंकेत आहे. येत्या १ नोव्हेंबरला ती बांधून मी फेरीत असेन. ‘तुम्हाला अभिमान नाही’ हे वाक्य तिथे समोर येऊन, स्वतःच्या नावाने बोला.