सगळेच बाँड आणि दोन किलो मटार

नावं बघून फसलो, दुसरं काय. डेव्हिड निव्हन, पीटर सेलर्स, ऑर्सन वेल्स, उर्सुला अँड्रेस, डेबोरा कर, वर वूडी अॅलन. एवढी मंडळी एका पिक्चरमध्ये म्हटल्यावर माणूस पुढची चौकशी करतो का? मी तरी नाही केली. १९६७ चा ‘कसिनो रोयाल’, म्हणजे डॅनियल क्रेगवाला नव्हे, त्याच्या चाळीसेक वर्षं आधीचा, विनोदी, साठच्या दशकातलं लंडन, भडक रंग, तोकडे स्कर्ट वगैरे. रविवारी संध्याकाळी रिमोट माझ्या हातात आला, जे आमच्याकडे दिवाळीसारखं वर्षातून एकदाच होतं, त्यामुळे मी आधीच जरा जास्त बोलून बसलो. "पीटर सेलर्स आहे, हसून हसून पोट दुखेल." हे वाक्य मला पुढची १३१ मिनिटं निस्तरावं लागलं.

आई दोन किलो मटार घेऊन बसली होती. तिला इंग्रजी पिक्चरचं वावडं नाही, फक्त कोण कुणाचा कोण ते सांगायचं.

"हा कोण?"

"जेम्स बाँड. रिटायर झालाय, त्याला परत बोलावलंय."

दहा मिनिटांनी सेलर्स आला. "आणि हा?"

"हापण जेम्स बाँड."

"आणि ती बाई?"

आता काय सांगू. शत्रूला गोंधळात पाडायचं म्हणून सगळ्याच एजंटांना जेम्स बाँड हे एकच नाव देतात, असं ते कथानक आहे. शत्रूचं काय झालं माहीत नाही, आमच्या हॉलमध्ये प्लॅन शंभर टक्के यशस्वी झाला.

बायको मोबाइलमध्ये डोकं घालून होती, मग मी बचावाला उतरलो. म्हटलं, अगं त्याला पाच-पाच डायरेक्टर होते. "पाच? आणि एकानेपण बाकीच्यांचं काम बघितलं नाही?" मुद्दा बरोबर होता. तरी मी रेटलं, की सेलर्स आणि वेल्स यांचं अजिबात जमत नव्हतं, जुगाराच्या टेबलावर समोरासमोर बसलेले दिसतात पण बरेचसे शॉट वेगवेगळे घेतलेत, आणि सेलर्स तर काम अर्धवट टाकून गेला, म्हणून त्याची गोष्ट मधेच गुंडाळलीय. "म्हणजे त्यालाही बघवलं नाही," बायको म्हणाली, आणि परत मोबाइलमध्ये गेली.

खरं सांगायचं तर वाईट मला पैशांचं वाटतं. १ कोटी २० लाख डॉलर, तेही त्या काळचे. खऱ्या बाँडवाल्यांकडे ‘कसिनो रोयाल’ या एका पुस्तकाचे हक्क नव्हते, ते चार्ल्स फेल्डमन या निर्मात्याकडे होते, त्यांचा बाँड असलेल्या शॉन कॉनरीशी बरोबरी कशी करणार म्हणून त्याने टिंगल करायची ठरवली, इथपर्यंत हुशारीच आहे. पण टिंगल करायलाही कुणीतरी एकाने शेवटपर्यंत शुद्धीवर राहावं लागतं ना! इथे ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये उडती तबकडी उतरते, शेवटच्या मारामारीत काउबॉय येतात, सील मासे येतात, लग्नात आचाऱ्याच्या ओळखीचेही जेवून जातात तसं चाललंय.

एकच गोष्ट चांगली. मधे डस्टी स्प्रिंगफील्डचं ‘द लुक ऑफ लव्ह’ लागतं, बर्ट बॅकरॅकची चाल, ऑस्करचं नामांकन मिळालेलं गाणं, आणि कॅमेरा माशांच्या टाकीतून आरपार सेलर्स आणि उर्सुला अँड्रेसकडे बघतो. आईच्या हातातली शेंग उघडायची थांबली. "हे बरंय," म्हणाली. मी लगेच ताठ बसलो. गाणं संपलं, शेंग फुटली, मी परत सैलावलो.

शेवटी वूडी अॅलन, जो बाँडचा पुतण्या आणि तोच व्हिलन निघतो, त्याला कुणीतरी बाँबची गोळी गिळायला लावलेली असते, आणि तो उचक्या द्यायला लागतो.

"कोणीतरी आठवण काढतंय त्याची," आई म्हणाली.

अख्ख्या पिक्चरमध्ये घरात पिकलेला हा एवढाच हशा, आणि तो स्क्रिप्टमध्ये नव्हता.

मग स्फोट. सगळे खलास. बाँडमंडळी स्वर्गात, हातात वीणेसारखं काहीतरी, आणि वूडी अॅलन खाली नरकात.

"सगळेच मेले?"

"सगळेच."

"तो खाली गेला तो कोण?"

"तोही बाँडच, आई."

तिने सालं पेपरात गुंडाळली, पातेलं उचललं, जरा हलवून बघितलं. "मटार मात्र चांगले निघाले हो," म्हणाली आणि आत गेली. रिमोट बायकोने माझ्या मांडीवरून कधी उचलला ते कळलंही नाही.