अट नेमकी कुणाला?

लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये खात्यात पडू लागल्यापासून नातेवाइकांच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं. "फुकट कशाला वाटता? ऑस्ट्रेलियात बघा, बेकारभत्ता हवा तर आधी काम शोधून दाखवावं लागतं." मी मेलबर्नला राहतो, म्हणून मग साक्षीला मला ओढतात.

नियम खरा आहे. 'जॉबसीकर' भत्ता घेणाऱ्याला साधारणपणे महिन्याला १०० गुण जमवावे लागतात. नोकरीच्या एका अर्जाचे ५, मुलाखतीचे आणि प्रशिक्षणाचे वेगळे. दर पंधरवड्याला कमाई कळवायची. ठरलेली भेट चुकली की पैसे अडकतात. बऱ्याच जणांवर नजर ठेवतात त्याही खासगी कंपन्या, कारण नोकरी मिळवून देण्याचं काम सरकारने १९९८ पासून कंत्राटावर दिलंय.

यातून होतं काय? ओळखीतले एक गृहस्थ इथे उपाहारगृह चालवतात. आचारी हवा अशी जाहिरात दिली की हातात कधी झाराही न धरलेल्यांचे अर्ज येतात. बिचाऱ्यांना ५ गुण हवे असतात. काम शोधायचा वेळ काम शोधल्याचे पुरावे गोळा करण्यात जातो.

आणि संशय एकदा यंत्रात घातला की काय होतं, ते इथल्या सरकारच्या 'रोबोडेट' या वसुली योजनेने दाखवलं. संगणकाने माणसाची वर्षाची कमाई घेतली, २६ पंधरवड्यांत सारखी वाटली आणि "तुम्ही जास्त भत्ता उचललात" म्हणून वसुलीच्या नोटिसा धाडल्या. हंगामी काम करणाऱ्याची कमाई अशी सारखी कुठली असायला? जुन्या पगारपावत्या शोधून निर्दोषपणा सिद्ध करायचा तो त्यानेच. २०१९ मध्ये न्यायालयात ही पद्धत टिकली नाही, वसूल केलेले पैसे परत करावे लागले आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने सरकारची सालटी काढली. तोवर काहींनी जीव दिला होता.

(आपल्या मंडळींसाठी जाता जाता: नव्या पीआरवाल्याला, म्हणजे कायम राहायची परवानगी नुकतीच मिळालेल्याला, हा भत्ता सहसा पहिली ४ वर्षं मिळतच नाही. तात्पुरत्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर मित्राची खोली आणि साठवलेले पैसे, एवढंच.)

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. दाखला द्यायला ऑस्ट्रेलिया कशाला लागतो? विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगावजवळच्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला, १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर पोटाला आधार झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, तेही पंधरा दिवसांत, नाहीतर बेकारभत्ता. घाम गाळायचा होताच, फुकट काही नव्हतं. पण मुदत पाळायची होती सरकारने. हजेरीपटावर खोटी नावं चढली, भत्ता क्वचितच कुणाच्या हाती पडला, हेही खरंच. तरी काम न मिळणं हा मागणाऱ्याचा गुन्हा नव्हता.

लाडक्या बहिणींना अटी घालायच्याच असतील तर माझं एवढंच म्हणणं आहे: तिने काम मागितल्यावर तहसीलदाराने ते किती दिवसांत, घरापासून किती अंतरावर द्यायचं, आणि तान्ह्या पोराला कोण सांभाळणार, हे त्याच आदेशात लिहा.