कपाटे भरलेली असताना पुन्हा रानात कशाला? एका दाव्याचा प्रतिवाद

निसर्ग-इतिहास संग्रहालयांत कोट्यवधी नमुने पडून आहेत, कॅमेरे आणि डीएनए तपासणी हाताशी आहे, तेव्हा रानात जाऊन नमुने गोळा करण्याच्या नव्या क्षेत्रीय मोहिमा म्हणजे निष्कारण जीवहत्या असून त्यामुळे दुर्मीळ जाती नामशेष होतात, असा दावा सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यामागची कळकळ मला मान्य आहे. दावा मात्र मान्य नाही.

पहिला मुद्दा नमुने पुरेसे असल्याचा. एकट्या लंडनच्या संग्रहालयात सुमारे ८ कोटी नमुने आहेत, हे खरे. पण संग्रहातल्या एखाद्या उंदराच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी पाहिली, तर तिच्यावर ठिकाण आणि तारीख असते. तो नमुना त्या जागेची, त्या दिवसाची साक्ष देतो, पुढच्या शतकाची नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या संग्रहालयाचे प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल आणि त्यांचे सहकारी १९१४ ते १९२० या काळात तिथल्याच योसेमिटी या डोंगराळ परिसरात फिरले आणि त्यांनी नमुन्यांबरोबर तपशीलवार रोजनिश्याही जपल्या. २००३ पासून त्याच संग्रहालयाच्या संशोधकांनी त्याच जागी पुन्हा पाहणी केली, तेव्हा लहान सस्तन प्राण्यांच्या २८ जातींपैकी निम्म्या जातींच्या अधिवासाच्या सीमा सरासरी सुमारे ५०० मीटर उंचावर सरकल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरी फेरी झालीच नसती, तर पहिल्या फेरीतून हा बदल कळण्याचा मार्गच नव्हता.

छायाचित्र आणि डीएनए पुरेसे आहेत, हा दुसरा मुद्दा मला सर्वांत कच्चा वाटतो, कारण उद्या कोणता प्रश्न विचारावा लागेल हे आज ठाऊक नसते. बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच का फुटतात, याचा शोध घेताना ब्रिटनमध्ये निसर्ग-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतील जुन्या अंड्यांची कवचे मोजली आणि वजन केली. १९४७ च्या सुमारापासून ती पातळ होत गेल्याचे त्यांनी १९६७ मध्ये दाखवले आणि संशय डीडीटीसारख्या कीटकनाशकांवर गेला. कवचाची जाडी छायाचित्रात उतरत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात उंदरांपासून माणसांत पसरणाऱ्या हंताविषाणूची साथ आली, तेव्हाही संग्रहालयांनी गोठवून ठेवलेल्या उंदरांच्या ऊतींवरूनच हा विषाणू साथीपूर्वीपासून तिथे होता हे कळले.

तिसरा मुद्दा जाती नामशेष होण्याचा. १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर ग्रेट ऑक या उडता न येणाऱ्या समुद्रपक्ष्याची अखेरची ज्ञात जोडी संग्राहकांसाठीच मारली गेली, आणि हा कलंक नाकारू नये. मात्र मांस, पिसे आणि तेल यांसाठी झालेल्या दीर्घ कत्तलीने तो पक्षी त्याआधीच संपत आला होता. आज नमुने गोळा करण्यासाठी बहुतेक ठिकाणी परवाना लागतो, आणि अतिदुर्मीळ जातीच्या बाबतीत पीस किंवा रक्ताचा थेंब घेऊन प्राणी सोडून देता येतो. एखाद्या मोहिमेने किती जीव घेतले आणि का, हा जाब जरूर विचारावा. संग्रहालयांनी तो द्यायलाच हवा. मात्र त्यासाठी मोहिमाच बंद करा, ही मागणी त्या जाबातून निघत नाही.