'नर-मादी म्हणून दोन नर दिले': एक स्टार दिलेल्या ताईंना दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. जोडी म्हणून दिलेले दोन्ही ससे नर निघाले, चार महिन्यांचे झाल्यावर त्यांनी एकमेकांना फाडलं, दुकानात फोन केला तर 'हळद लावा' सांगितलं, पुढे गाठ झाली आणि वर आमच्या खाद्याने जुलाब होऊन ससा जाता जाता वाचला, असं तुम्ही लिहिलंय. नर-मादीची फसगत आणि हळदीचा सल्ला, या दोन सरळ सरळ आमच्या चुका. खाद्याचं मात्र मला मान्य नाही.

नर-मादी ओळखताना मीच चुकलो. पिल्लं तेव्हा दीड महिन्याची होती. त्या वयात शेपटीखाली हलकं दाबून बघावं लागतं, नराचं टोक गोल दिसतं आणि मादीची चीर. पिल्लू वळवळतं, गिऱ्हाईक थांबलेलं असतं, आणि फसगत होते. तीन महिन्यांपर्यंत नराचे वृषण खाली उतरतात, मग चुकायला जागा नसते. 'तेव्हा एकदा दाखवायला आणा' एवढं वाक्य मी बोलायला हवं होतं. वयात आले की सख्खे भाऊसुद्धा एका पिंजऱ्यात नांदत नाहीत, आणि चावे बरेचदा त्या नाजूक जागीच बसतात.

फोन माझ्या पुतण्याने घेतला होता. कापलं-खरचटलं की हळद, हे आपल्याकडे घरोघरी. सशाच्या चाव्याला ते चालत नाही. कातडी पातळ, दात बारीक आणि खोल जातो. वरचं तोंड दोन-तीन दिवसांत मिटतं आणि आत पू साठतो. हा पू कुत्र्या-मांजराच्या पूसारखा वाहत नाही, चीजसारखा घट्ट असतो, म्हणून गाठ फोडून पिळली तरी पुन्हा भरते. बहुतेक वेळा पिशवीसकट कापून काढावी लागते, तुमच्या डॉक्टरांनी काढली तशीच. हळदीने वर खपली धरली आणि आत काय चाललंय ते दिसेना.

पुतण्याने सांगायला हवं होतं ते असं: जखमेभोवतीचे केस जपून कापा (कातरीने कातडीच फाटते, घाई नको). अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घालून त्याने धुवा. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. आणि चावा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काही नको, एक तर जखम भाजते आणि वर ससा ते चाटतो. आता हे कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलंय.

आता खाद्य. तुम्हीच लिहिलंय की गाठ दिसल्यावर घरात उरलेलं मुलाचं अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचं सिरप पाजलं आणि तिसऱ्या दिवशी जुलाब लागले. खाद्य तर दोघंही पहिल्या दिवसापासून तेच खातायत, आणि दुसरा ठणठणीत आहे. अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेलं की आतड्यातले चांगले जंतू मरतात, विष करणारे माजतात. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिनचंही तसंच. यात ससे दगावतात, तुमचा वाचला हे नशीब. तुम्हाला दोष देत नाही, मुलाला चालतं ते सशाला मारक ठरेल हे कुणाच्या मनात येणार? पण खाद्याचा आरोप तेवढा मागे घ्यावा ही विनंती.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण फोटोत मला आणखी एक गोष्ट दिसली. मागच्या टाचांचे केस उडालेत आणि कातडी लाल झालीय. सशाच्या पायाला कुत्र्यासारखी गादी नसते, केसच काय ते. आमच्या पिंजऱ्याचा तळ जाळीचा आहे, त्यावर बसायला फळी किंवा जाड चटई आजच टाका आणि ती कोरडी ठेवा. ही जखम फुटली तर महिनोन्‌महिने भरत नाही. यापुढे आम्ही फळीशिवाय पिंजरा विकणार नाही.

शिवाय पावसाळा आहे. टाक्यांची जागा आणि शेपटीखालचा भाग सकाळ-संध्याकाळ बघा. ओल्या, घाण केसांत माशीने अंडी घातली की दिवसभरात किडे पडतात. माशी-गोचिडासाठी कुत्र्याचं फिप्रोनिलवालं औषध मात्र सशाला मुळीच लावू नका, त्याला ते विषारी आहे.

गाठीच्या ऑपरेशनचं बिल मी पूर्ण देतो, दुसरा पिंजराही फळीसकट मोफत घेऊन जा. दोघांना परत एकत्र सोडू नका, टाके सुकले तरीही. जुलाबाच्या उपचाराचा खर्च मी देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बिलाचा फोटो दुकानाच्या नंबरवर पाठवा. ससा आणायची गरज नाही, टाक्यांवर त्याला गाडीत हिंदकळवू नका.